भिशीतल्या टीव्हीचं पुस्तक

“भाभी, तुमच्या टीव्हीबरोबर एक पुस्तक आलं होतं. ते आहे का हो कुठं घरात?”

रझियाभाभी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी वाटीभर साखर मागायला आले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आमच्या घरात आग लागून अजून आठवडाही झाला नव्हता. बार्शीतल्या आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय होता, आणि जिच्यामुळं आग लागली म्हणत होते ती सून सकाळी सकाळी दारात येऊन पुस्तक मागत होती.

“कसलं पुस्तक?”

“टीव्ही कसा लावायचा, कसा बंद करायचा, ते लिहिलेलं असतं बघा. पातळसं असतं.”

“ते होय. ये आत.”

त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं, फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवले आणि डब्यांखालचा कागद ओढून काढला. “चकचकीत कागद होता, म्हणलं तेल मुरणार न्हाई. अंथरला.”

तेल चांगलंच मुरलं होतं. चॅनेल कसे लावायचे त्याची चार पानं होती, अँटेनाची दोन होती. पहिली पानं नव्हतीच. टीव्हीचं चित्र शाळेच्या वहीत चिकटवायला त्यांच्या थोरल्यानं ती कापून नेली होती. मला हवं होतं ते पहिल्या पानांतच असणार होतं.

बाहेरच्या खोलीतून परत येताना माझी नजर त्यांच्या टीव्हीवर गेली. लाल मखमलीचं झाकण, खाली सोनेरी झालर. आमच्याही टीव्हीवर अगदी तसलंच होतं. जळक्या मखमलीचा वास माझ्या नाकात परत भरला आणि मी चपला न घालताच पायरी उतरले. भाभींनी हाक मारून त्या दाखवल्या.

सांगायचं म्हणजे, आमच्या गल्लीत एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे सात-आठ टीव्ही होते, आणि ते सगळे माझ्या सासूबाईंच्या भिशीतून आलेले होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. वत्सलाबाई माळवदे म्हटलं की गल्लीतली पोरंसुद्धा खेळ थांबवून बाजूला होत. ज्या बाईची भिशी लागेल तिला घेऊन आत्या त्या एकाच दुकानात जायच्या, दुकानदाराला घाम फुटेस्तोवर घासाघीस करायच्या आणि टीव्ही घेऊन रिक्षातून परतायच्या. वर आपल्यातर्फे भेट म्हणून मखमलीचं झाकण शिवून द्यायच्या. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एका बँड कंपनीचे कोट शिवले होते, त्यातली बरीच मखमल उरली होती. आमच्या घरात मिक्सरला झाकण होतं, फोनला होतं, पंख्याला हिवाळ्यात होतं. उद्या मला आणि दिगंबरलाही शिवतील, असं मी नव्या नवलाईत एकदा म्हणाले होते, आणि त्यावर दिगंबर हसलाही होता. दिगंबर म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा हसायचा.

त्या दिवशी दुपारची मालिका संपली. मी रिमोटनं टीव्ही बंद केला. आत्यांनी उठून रोजच्यासारखं झाकण घातलं, झालर सारखी केली. दोघी आत जाऊन आडव्या झालो. धुराच्या वासानं जाग आली तेव्हा बाहेरच्या खोलीत टीव्हीसकट शोकेस पेटलं होतं. मामा दुकानातून जेवायला म्हणून येत होते, ते तसेच आत घुसले आणि पेटलेला पडदा, पेटलेलं झाकण दोन्ही हातांनी ओढून त्यांनी अंगणात फेकलं. घर वाचलं. मामांचे हात मनगटापर्यंत भाजले. शिंप्याचे हात. डॉक्टर म्हणाले, बोटं पूर्वीसारखी चालतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

खापर माझ्यावर फुटलं, आणि ते फोडलं माझ्या धाकट्या दिरानं. अरविंद डिप्लोमा करून पुण्याला नोकरीला होता. तो आला, त्यानं काळी भिंत पाहिली, बटणांचा बोर्ड पाहिला आणि मला विचारलं, “वहिनी, टीव्ही रिमोटनं बंद केला होता की बटणानं?”

“रिमोटनं.”

“झालं तर मग. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, मेन बटण बंद करा. आणला तेव्हा मीच वाचलं होतं. तुम्हाला सांगितलंही होतं.”

सांगितलं होतं. मी नाही म्हणणार नाही. पण आमचं पुस्तक शोकेसच्या खणात होतं, ते शोकेसबरोबर गेलं. त्यात आणखी काय होतं ते अरविंदला ठाऊक, आणि अरविंद त्या एका ओळीपुढं जायला तयार नव्हता. मी दिगंबरकडं पाहिलं. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती, ती सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी पांगरीहून मोठे मामा आले. मामांचे थोरले भाऊ, मामांना नुसतं ‘मारुती’ म्हणणारे तेच एक, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी ठरवलं की शुक्रवारी संध्याकाळी बैठक बसवायची, कुर्डूवाडीहून माझ्या दादाला बोलवायचं आणि मला “काही दिवस” माहेरी पाठवायचं. काही दिवस म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. माझी चुलतबहीण अशीच काही दिवसांसाठी माहेरी आली होती. तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन त्याची पोरं शाळेत जायला लागली, आणि ती अजून भावजयीच्या हाताखाली भाकऱ्या थापते आहे. घर जाळणारी सून म्हणून एकदा नाव पडलं की मला परत कोण आणणार होतं? मला माझं घर सोडायचं नव्हतं. बाकी काही नाही, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी पुस्तक शोधत होते. रिमोटनं टीव्ही बंद केला म्हणून घर जळतं, असं त्या पुस्तकात खरंच लिहिलंय का, ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं होतं. लिहिलेलं असतं तर मी गुमान पिशवी उचलली असती.

आदल्या दिवशी, गुरुवारी, मी आधी दुकानात गेले. तिथं आता मोबाइल विकत होते. मालकाच्या मुलानं सांगितलं, टीव्हीचा धंदा बंद केला तेव्हा जुनी पुस्तकं पोती भरून रद्दीत घातली. कंपनीला पत्र टाका म्हणाला, महिन्या-दीड महिन्यात पाठवतीलही. माझ्या हातात दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडं गेले तर तो म्हणाला, “वहिनी, मला पुस्तक कशाला लागतंय? उघडला की कळतं. पण तुमच्या टीव्हीत उघडायला तरी काय राहिलंय?” तेव्हा मला भिशी आठवली. आमचं पुस्तक जळालं तरी तसलीच पुस्तकं गल्लीत घरोघर आली होती की.

आली होती, पण राहिली नव्हती. रझियाभाभींचं डब्याखाली गेलं होतं. एकीनं बंबात घातलं होतं. एकीकडं वारंटीचं कार्ड जपून ठेवलेलं होतं आणि पुस्तक टाकून दिलेलं होतं. एकीनं दारातूनच सांगितलं, “आम्हाला बाई यात ओढू नको. वत्सलावहिनींना कळलं तर?” प्रत्येक घरात मला आधी दिसायचं ते लाल झाकण. दुपारपर्यंत मी एवढी कंटाळले की महानंदाक्कांच्या पायरीवर बसूनच हाक मारली.

महानंदाक्का गल्लीच्या टोकाला राहायच्या. मुलगा सोलापूरला, घरात एकट्याच. माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, “आहे की. हातपाय धू आणि ये.”

पुस्तक वाचायला हातपाय कशाला धुवायचे, ते मला आत गेल्यावर कळलं. पुस्तक देव्हाऱ्यात होतं. टीव्ही आला त्या दिवशी त्यांनी त्याची पूजा केली, पुस्तकावर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट देवाजवळ ठेवून दिलं. दर दसऱ्याला विळी, कात्री आणि टीव्हीचं पुस्तक, अशी त्यांची पूजा चालत होती. पहिल्या पूजेनंतर पिशवीची पट्टी परत चिकटवली होती, ती पुन्हा कधी फोडलेली नव्हती.

“फोडू?”

“फोड. पण वाचून झालं की परत आणून दे. सोन्यासारखं जपलंय.”

मी टीव्हीशेजारी जमिनीवर बसून पिशवी फोडली. पुस्तकात आधी इंग्रजी होतं, मग हिंदी. माझं शिक्षण बारावीपर्यंत, त्यामुळं हिंदीच धरलं. दुसऱ्या पानावर त्रिकोणात उद्गारचिन्ह काढून सूचना छापल्या होत्या. पहिलीच ओळ वाचली. टीव्ही वापरात नसेल तेव्हा केवळ रिमोटने बंद न करता मुख्य बटण बंद करावे. अरविंद खोटं बोलला नव्हता.

मग मी तिच्या खालची ओळ वाचली. वरची व मागची भोके उष्णता बाहेर जाण्यासाठी आहेत. त्यांवर कापड, पडदा वा झाकण घालू नये. आग लागण्याचा संभव आहे.

ती ओळ मी पुन्हा वाचली. एकाच पानावर, एकाखाली एक. माझी ओळ, आणि खाली आत्यांची.

खोटं कशाला सांगू, माझी फाडायचा विचार मनात आला. पण दोन्ही ओळी इतक्या जवळ होत्या की एक फाडली तर दुसरीही गेली असती. मी हात लांब करून महानंदाक्कांच्या टीव्हीवर मखमलीवरूनच तळवा ठेवला. गरम होता.

“अक्का, टीव्ही कधी बंद केला तुम्ही?”

“मघाशी. तू यायच्या आधी बराच वेळ. का गं?”

“बटणानं?”

“रिमोटनं. वाकायला कुणाला होतंय?”

मी उठून झाकण काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. मी त्यांना ओळ वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “वत्सलावहिनींनी हातानं शिवून दिलंय ते. तू म्हणतीस म्हणून काढलं, आणि उद्या त्या आल्या तर त्यांना काय सांगू? त्यांना येऊन सांगू दे, मग काढते.”

“अक्का, घर जाईल तुमचं.”

“तुझ्यावर आलंय म्हणून तू त्यांच्यावर ढकलतीस, असं लोक म्हणतील बघ. मी आपलं सांगून ठेवते.”

लोक काय म्हणतील ते त्यांनी म्हणून टाकलंच होतं. मी एवढंच केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि निघाले.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आत्या मामांना भरवत होत्या. मामांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेले होते, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगाची मापं घेतलेला तो माणूस पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक घासाला ओशाळून तोंड उघडत होता. मी परसात जाऊन थांबले. आत्या ताट घासायला बाहेर आल्या.

“आत्या, पुस्तक सापडलं.”

“कुणाकडं?”

“महानंदाक्कांकडं.”

“काय लिहिलंय?”

“मी बटण बंद करायला पायजे होतं, असं लिहिलंय.”

आत्यांनी राखेत हात घातला. “मग अरविंदचं खरं झालं.”

“व्हय. आणि…”

“आणि काय?”

लग्नाला दोन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत मी त्यांच्या एका भाजीलाही कधी नाव ठेवलं नव्हतं. “झाकू नये, असंबी लिहिलंय. वर कापड घातलं तर आग लागते म्हणून.”

त्या घासायच्या थांबल्या. मग हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यापुढं धरले. मी पान उघडून दिलं. आत्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण बाळबोध अक्षर यायचं. बोट ठेवून, ओठ हलवत त्या हिंदी वाचत राहिल्या. इतका वेळ वाचत राहिल्या की मला राहवेना.

“महानंदाक्कांचा टीव्ही वरनं तापलेला होता, आत्या. मी झाकण काढा म्हणलं, त्या काढेनात. तुम्ही सांगितल्याबिगर कुणीच काढणार न्हाई.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक दुमडलं, कमरेला खोचलं आणि आत गेल्या. पाठोपाठ चुलीजवळ काडी ओढल्याचा आवाज आला. आमच्याकडं गॅस होता, पण आंघोळीच्या पाण्याची चूल अजून पेटायची. मी दारापर्यंत गेले. आत्यांची पाठ दिसत होती आणि पाठीपलीकडं जाळ दिसत होता. मी मनात म्हटलं, गेलं पुस्तक. आत जाऊन त्यांचा हात धरावा एवढी हिंमत मला झाली नाही.

बैठक मधल्या खोलीत बसली, कारण बाहेरची खोली अजून काळी होती. मोठे मामा भिंतीला टेकून, शेजारी अरविंद, दाराजवळ माझा दादा, अर्धा आत अर्धा बाहेर, लेकीच्या बाजूच्या माणसानं बसावं तसा. दिगंबर खिडकीशी उभा. मामा खाटेवर. आत्या चहा देऊन आत गेल्या त्या गेल्याच.

“हे बघा,” मोठे मामा दादाला म्हणाले, “पोरगी वाईट न्हाई. पण घर म्हणजे पोरखेळ न्हवं. मारुतीच्या हाताचं काय होतंय ते कळेपर्यंत तिला काही दिवस घेऊन जावा. इथली डोकी थंड होऊ द्या.”

“काही दिवस म्हणजे किती?” दादानं विचारलं.

मोठ्या मामांनी पानाचा डबा पुढं ओढला. दादानं चहाचा कप खाली ठेवला.

“मला एक बोलायचंय,” मी म्हणाले. “बटण मी बंद केलं नव्हतं. ते माझं चुकलं. पण नुसतं तेवढ्यानं आग लागली न्हाई.”

“मग कशानं लागली, वहिनी?” अरविंद म्हणाला.

“पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तक जळालं.”

“मला दुसरं मिळालं होतं. आज.”

अरविंदचा चेहरा किंचित बदलला. मोठे मामा पुढं वाकले. “कुठंय?”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. आत्यांकडं आहे असं म्हणावं, तर त्या नाही म्हणाल्या असत्या की सगळंच संपलं असतं. आधी घर जाळलं, आता सासूवर आळ घेते, असं झालं असतं.

“होतं म्हणते, आणि दाखवत न्हाई,” अरविंद म्हणाला. पण तो हे माझ्याकडं बघून बोलला नाही.

मोठ्या मामांनी निःश्वास सोडला. दादा उठला. “शैला, चल. सामान घे.”

दिगंबर खिडकीबाहेर बघत होता. त्या क्षणी मला आगीपेक्षा त्याची पाठ जास्त लागली, हे आजही खरं आहे. मी आतल्या खोलीत गेले. माझी पिशवी पलंगाखाली भरून ठेवलेली होती. आणि पलंगावर आत्या बसल्या होत्या, मांडीवर दुसरी पिशवी घेऊन. ती त्यांची होती. त्यात त्या दोन लुगडी दाबून बसवत होत्या.

“आत्या, हे काय?”

“तुझी घे आणि ये,” त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढं चालू लागल्या.

मधल्या खोलीत येऊन त्यांनी पिशवी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. कमरेचं पुस्तक काढलं. कुंकवाचं स्वस्तिक घामानं फिसकटलं होतं, पण पुस्तक अख्खं होतं. त्यांनी ते अरविंदच्या हातात दिलं.

“हे घे. तू वाचलेलं म्हणतोस न्हवं? वाच.”

अरविंदनं पान उघडलं. त्याला शोधावं लागलं नाही. बटणाची ओळ त्यानं मराठीत सांगितली आणि पुस्तक मिटलं.

“खालची वाच.”

“आई, राहू दे.”

“वाच म्हणते.”

“आई, त्याची काही गरज न्हाई. बाबांचे हात…”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.” आत्यांचा आवाज चढला नाही. त्यामुळंच खोलीतल्या कुणाला हलता आलं नाही. “पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. आईला वाचवायला निघाला होतास. वाच.”

अरविंदनं वाचली. मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखी. मोठ्या मामांनी ती त्याला पुन्हा एकदा वाचायला लावली.

“ऐकलंत?” आत्या म्हणाल्या. “हिनं बटण बंद केलं न्हाई, मी वर झाकण घातलं. एका पानावर दोघींचं लिहिलंय. चूक दोघींची आहे, तर शिक्षाबी दोघींची. ही कुर्डूवाडीला जाणार असेल तर मी माझ्या माहेरी जाते. येरमाळ्याला माझं कुणी राहिलं न्हाई, भाऊ जाऊन सात वर्षं झाली. भावजय दारात उभी करते का न्हाई, ते बघू. पण न्याय करायला बसलाय तर सारखा करा.”

“वत्सला, असं कसं…” मोठे मामा म्हणाले.

तेव्हा खाटेवरून मामा आपल्या थोरल्या भावाकडं बघत बोलले. सहा दिवसांत ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले असतील. “दादा, हात माझे भाजलेत. मला कुणी विचारलंच न्हाई. या दोघी गेल्या तर उद्या मला घास कोण भरवणार, तेवढं आधी ठरवा. अरविंदला नोकरी आहे. दिगंबरला ऐकूच येत न्हाई.”

दिगंबर वळला. त्याचे डोळे भरलेले होते. मला त्याची दया आली नाही. ती नंतर आली, हळूहळू.

“तुमचं काय ते सावकाश ठरवा,” आत्या म्हणाल्या. “शैला, पिशवी ठेव तिथंच. चप्पल घाल.”

“कुठं निघाला?” मोठ्या मामांनी विचारलं.

“गल्लीत सात घरांत माझी झाकणं हायत. आता सगळीकडं बातम्या लागतील, आणि बातम्या संपल्या की बाया उठून झाकणं घालतील. त्याच्या आत काढायची.”

“मी येऊ का, आई?” दिगंबर म्हणाला.

“तू बस. बसायची चांगली सवय झालीय तुला.”

आम्ही दोघी बाहेर पडलो. आत्या पुढं, मी एक पाऊल मागं. रझियाभाभींच्या दारात आत्या थांबल्या, पदर सारखा केला आणि आत न जाताच म्हणाल्या, “भाभी, माझ्या हातनं चूक झाली. ते झाकण द्या परत. पुन्हा टीव्हीवर काही घालू नका, आणि बंद करताना बटण बंद करा. ही पुस्तक शोधत होती ते उगीच न्हवतं.” भाभींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि झाकण आणून दिलं.

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. भिशीच्या बायका ज्यांच्यापुढं उभं राहायला कचरत, त्या वत्सलाबाई माळवदे एकेका उंबऱ्याशी थांबून सांगत होत्या की त्यांचं चुकलं. तिसऱ्या घरापर्यंत मला ते ऐकवेना. मी म्हटलं, “आत्या, पुढं मी सांगते, तुम्ही नुसत्या उभ्या राहा.” तर म्हणाल्या, “तुझं कोण ऐकतंय? मी सांगायला पायजे.”

महानंदाक्कांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांचा टीव्ही बंद होता आणि वर झाकण होतं. मी बंद केलेलं बटण त्यांनी परत चालू केलेलं होतं. आत्यांनी स्वतःच्या हातानं झाकण उचललं आणि उलटं केलं. आतलं अस्तर मधोमध तांबूस झालं होतं, आणि बोट लावल्यावर तिथलं कापड चुरलं. महानंदाक्का पुढं वाकून बघू लागल्या. आत्यांनी तो चुरा बराच वेळ बोटांत धरून ठेवला. मग त्यांच्याकडं न बघता, माझ्याकडंही न बघता म्हणाल्या, “मी जाळलं असतं, अक्का, तुमचं घर. हिनं वाचवलं.”

परतताना माझ्या दोन्ही हातांवर मखमलीचा ढीग होता, आणि रस्ता दिसावा म्हणून आत्यांनी माझा दंड धरला होता. त्यांनी माझा दंड कधी असा धरला नव्हता. “माझं चुकलं” हे त्या सात दारांत म्हणाल्या. मला एकटीला कधीच म्हणाल्या नाहीत. मलाही ते कधी मागावंसं वाटलं नाही.

घरी पोचलो तर बैठक उठलेली होती. दादा शेवटच्या गाडीनं एकटाच गेला होता. मोठे मामा अंगणात पान लावत बसले होते. काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मधल्या खोलीत दोन्ही पिशव्या तशाच होत्या, एकमेकींना टेकून. आत्यांनी वाकून एक उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन माझ्या पलंगाखाली सरकवली. मग दुसरी मी उचलली आणि त्यांची लुगडी एकेक करून परत खुंटीवर लावली.